डाव्या बाजूचं वजन

धक्क्यावर त्यांना सगळे यादीमास्तर म्हणत. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. बायकोबरोबर शिडाच्या होडीतून लांबच्या सफरीला जायचं ठरलं, तेव्हा यादीत चाळीस कामं होती. अकरा वर्षांत ती दोनशे सहा झाली. शिडाला दुहेरी शिवण, सुटे स्क्रू, दाढदुखीच्या गोळ्यासुद्धा. दर वर्षी वारा अनुकूल व्हायचा आणि दर वर्षी मास्तरांचं घोडं कुठेतरी पेंड खायचं.

"अहो, होडी तयार होईल तोवर माझ्या हातात काठी येईल," बायको हसायची.

काठी आली नाही. आजार आला, आणि सात महिन्यांत सगळं आटोपलं. शेवटी शेवटी ती म्हणाली, "आता तरी जा. नाहीतर मी उगाचच वाट पाहिली." त्यानंतर मास्तरांनी उरलेली एकोणीस कामं वर्षाच्या आत संपवली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

शनिवारी एकट्यानं निघायचं होतं. गुरुवारी सामान चढलं. लेक आत बसून खाण्याच्या डब्यांचे कागद सोलत होती. ओलाव्यानं ते सुटतात, म्हणून झाकणांवर शाईनं नावं लिहीत होती. होडी बांधणारा सुतार धक्क्यावर एक डोळा मिटून उभा होता.

"मास्तर, होडी उजवीकडे कलतेय. चांगली दोन बोटं."

"शक्य नाही. किलोकिलोचं गणित मांडलंय मी."

सहा वर्षांपूर्वी त्याच गणितावरून सुताराने जड बॅटऱ्या उजवीकडे पक्क्या बसवल्या होत्या. मास्तरांनी वजनांचा कागद काढला आणि ओळींवरून बोट खाली नेलं. डावी बाजू: स्टोव्ह, भांडी, दोर. मग त्याच नीटस अक्षरात, 'ही – ६१'.

घरात ते बायकोला 'ही'च म्हणत. हा कागद त्यांनी या वर्षात किमान दहा वेळा तपासला होता. ती ओळ चुकीची आहे, असं एकदाही वाटलं नव्हतं.

सुतार आत डोकावला. त्यानंही ती ओळ वाचली आणि घसा खाकरला. "बॅटऱ्या मध्ये घेऊ. महिनाभराचं काम आहे."

महिनाभरात वारा फिरला असता, म्हणजे आणखी एक वर्ष. मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली आणि यादीच्या तळाशी लिहिलं, २०७.

"लिहू नका, बाबा," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आईला असंच थांबवलंत तुम्ही."

हे ती आजवर बोलली नव्हती. मास्तरांना मात्र ते रोज सकाळी डोळे उघडताच आठवायचं.

"हो," ते म्हणाले. "मीच थांबवलं."

पेन्सिल खाली ठेवून ते धक्क्यावर गेले आणि पाण्याचे कॅन आणू लागले. कुणाला हात लावू दिला नाही. भरून दहा किलो होणारे सहा कॅन आणि एक किलोची बाटली डावीकडच्या खाटेवर ओळीनं आडवी केली, दोर गुंडाळून बांधली.

"झाली सरळ," सुतार बाहेरून म्हणाला.

मास्तर समोरच्या खाटेवर बसले. त्यांचा चेहरा अजून उतरलेलाच होता.

"पण हे पाणी मीच पिणार ना. रोज थोडं थोडं कमी होणार." हॉस्पिटलच्या काट्यावर शेवटी ती अडतीस भरली होती. दर सोमवारचा आकडा मास्तरांना पाठ होता. "पुन्हा नाही बघवणार मला."

लेकीनं मान खाली घातली. सुताराला जे ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं.

"कॅन रिकामा झाला की समुद्राचं पाणी भरायचं, मास्तर. आम्ही सगळे तसंच करतो. कमी होत नाही. खारं पाणी जड असतं, उलट किलोभर वाढेलच."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वाढलेलं हिला आवडायचं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि २०७ पुढे लिहिलं, 'हिचं वजन कमी होऊ द्यायचं नाही.'

शनिवारी सकाळी होडी सुटली. लेक धक्क्यावर रडत उभी होती. बाबा मागे वळून बघत होते, तरी तिचं लक्ष होडीच्या अंगाला लागलेल्या पाण्याच्या रेषेवर होतं. होडी सरळ चालली होती.