डागातलं पिल्लू

चीनमधल्या सूचौ शहरातल्या यिन उस्तादांची नजर गेली होती आणि हे आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, असा त्यांचा भाबडा समज होता. चाळीस वर्षं पायाने चाक फिरवत, ओल्या वाळूने जेडचे मौल्यवान दगड घासून भांडी घडवत आलेला माणूस. बोटांनी भागत होतं. पण गल्लीत हे फुटलं असतं, तर एकही दगड पुन्हा त्यांच्या दारात आला नसता.

आताचा दगड तांग मालकांचा होता. त्यांना पुरातन काशाच्या भांड्यांच्या घाटाचा मद्यचषक हवा होता. पोटावर हावऱ्या पशूचा मुखवटा, चषक धरायच्या कानाच्या जागी बिनशिंगी ड्रॅगन.

"सुखाची वटवाघळं न् दीर्घायुष्याची हरणं कोरलेले चषक बाजारात ढिगाने मिळतात," त्यांनी बजावलं होतं. "मला जुनं हवं. आणि पांढरंशुभ्र."

असल्या शौकिनांना खूश करणं म्हणजे महाकठीण काम. तरी ड्रॅगन झाला. तेव्हा वाळू ओतणारी लेक सुइयिंग म्हणाली, "बाबा, कानाखाली तपकिरी डाग राहिलाय."

"कुठे?" उस्ताद म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"तुमचं बोट आहे तिथेच."

बोट हललं नाही. "कधीपासून माहितेय तुला?"

"हिवाळ्यात मीठ समजून नूडल्समध्ये वाळू घातलीत तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही चाटूनपुसून खाल्लंत!"

डाग खोल होता. घासून काढावा तर चषकाला भोक पडणार.

"डागावर थोडा दगड शिल्लक आहे," सुइयिंग म्हणाली. "डागासकट त्यातून ड्रॅगनचं एक पिल्लू कोरता येईल."

"जुन्या घाटावर पिल्लू? तांग आपल्याला फाडून खातील."

"मग?"

उस्ताद बाकावरून उठले. त्या बाकावर दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. "बस," ते म्हणाले.

महिन्याने तांग आले. "हे पिल्लू मी सांगितलं नव्हतं," ते गुरगुरले, मग चषक पुन्हा फिरवून पाहू लागले. "पण हात अजून तरणा आहे हो तुमचा, उस्ताद!"

नुसती मान हलवा, असं सुइयिंगने खुणावलं. उस्तादांना ती खूण दिसली नाही.

"मोठा ड्रॅगन माझा. पिल्लू लेकीचं," ते म्हणाले. "मला दिसत नाही, मालक. ते कसं झालंय, तेवढं बघून सांगा."

तांगनी चषक खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

"मागचा एक पाय घसरलाय त्याचा," शेवटी ते हळूच म्हणाले. "पण नजर वर आहे. मोठ्याच्या तोंडाकडे बघतंय." मग सुइयिंगकडे वळले. "पोरी, पुढचा दगड तू घेशील?"

तिने बाबांकडे पाहिलं. उस्तादांनी चाचपत बाक गाठला आणि त्यावरची वाळू तळहाताने झाडून टाकली.