साठ पावलं पुढे

शिंपीमामांची नजर गेली आणि दुकानाचा सगळा भार मामींवर आला. घरापासून दुकान सरळ रस्त्याने एकशे ऐंशी पावलं. पण दोन वर्षांत मामा एकटे कधी पोहोचले नव्हते. वाटेत काही आडवं आलं, वळसा घेतला, की मोजणीचे तीनतेरा!

त्यांची भाची शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिने कापडावर दोन टाचण्या टोचल्या आणि त्यांच्यामध्ये एक दोरा वेडावाकडा सोडला.

"यावरून बोट फिरवा, मामा. हे अंतर. आता हा दुसरा दोरा, ताणलेला. निघालात तिथून पोहोचलात तिथवर थेट. हे विस्थापन."

"म्हणजे जवळची वाट."

"नुसती लांबी नाही, दिशासुद्धा हवी. डावीकडे दहा पावलं गेलात, उजवीकडे दहा परत आलात. चाललात वीस. सरकलात किती?"

"शून्य," मामा म्हणाले, "आणि पाय दुखले ते फुकटच!"

शाळा सुटली की भाची रोज यायची. घरामागच्या मोकळ्या जागेत तिने महिनाभर त्यांच्याकडून वळसे गिरवून घेतले. एकदाही कंटाळली नाही.

मग एका सकाळी मामी मोठी कात्री घरीच विसरल्या. मामांनी ती पिशवीत टाकली, काठी घेतली आणि निघाले. दहा पावलांवर कोणीतरी ओरडलं, "आजोबा, थांबा! पुढे रस्ता खणलाय."

पूर्वी ते तिथूनच माघारी फिरले असते. आता डाव्या गालावरचं ऊन समोर घेऊन ते चाळीस पावलं डावीकडे गेले, मग पुढे साठ, मग उजवीकडे चाळीस. डावी-उजवी एकमेकांत फिटली. दीडशे पावलं झाली होती खरी, पण पुढे सरकले होते सत्तरच. उरली एकशे दहा. एकशे दहाव्या पावलाला शिलाई मशीनची खडखड अगदी कानाशी आली आणि थांबली.

"अगं बाई! कोणी आणून सोडलं तुम्हाला?"

"भाचीने."

"ती तर शाळेत आहे!"

"तरीही तिनेच," मामा म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून कात्री काढून पुढे केली.

संध्याकाळी भाची आली, तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "पोरी, तुझे उपकार..."

"उपकार कसले, मामा? सोमवारी माझ्या वर्गावर या. मुलांना हा धडा काही केल्या उमगत नाही."

सोमवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून वर्गात उभे राहिले. पहिला प्रश्न आला, "वाट चुकलात तर?" मामा हसून म्हणाले, "मग विचारायचं. त्यात कसली आलीय लाज?"