समुद्राकडची बाजू

आमच्या गावात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. समुद्राकडे आणि डोंगराकडे, संपलं. ‘समुद्राकडच्या गालाला नारळाचं दूध लागलंय, पूस,’ असं आई म्हणते. कुणाला हा अडाणीपणा वाटला तर वाटू दे. आधी बेटावर राहून बघा म्हणावं.

पेनिआमिना सरांनी गणितही तसंच शिकवलं. क्ष मधून तीन वजा केले की आलेख कुठे सरकतो? वजा दिसलं की पोरं ऋण बाजूला धावायची आणि तोंडावर आपटायची. सर म्हणाले, ‘वजा दिसलं की होडी समुद्रात ढकला.’ वर्गात फळ्याकडे तोंड केलं की समुद्र उजव्या हाताला. म्हणून धन बाजू समुद्राकडची, ऋण डोंगराकडची. अन्वस्ताचं, म्हणजे त्या पॅराबोलाच्या वाटीचं, तोंड समुद्राकडे, तर नाभीही समुद्राकडे आणि नियतरेषा डोंगराकडे. माझी धाकटी बहीण टिलोमाई त्यानंतर कधी चुकली नाही.

गणितात चांगले गुण मिळाले तर शिष्यवृत्ती आणि न्यूझीलंड. नाहीतर माझ्यासारखं पाहुण्यांच्या हॉटेलात चादरी बदलायच्या.

वादळात आमच्या शाळेचं छप्पर उडालं, म्हणून परीक्षा बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर झाली. मी सोबत गेले. परतीची बस खच्चून भरलेली, त्यामुळे टिलो माझ्या मांडीवर.

‘जड झालीस गं.’

‘शिष्यवृत्तीचं वजन आहे ताई.’

समोरच्या बाकाच्या पाठीवर धूळ होती. तिने बोटाने अक्ष काढले. ‘कागदावर नुसत्या चौकटी होत्या. अक्ष, आकडे, सगळं आपणच टाकायचं. मी आधी खिडकीतून समुद्र बघितला, मगच आकडे टाकले.’ एक, दोन, तीन, समुद्राच्या दिशेने. मग अन्वस्त काढला, त्याचं तोंडही तिकडेच.

शेजारचा म्हातारा वाकला. ‘गळ काय गं हा?’

‘अन्वस्त आहे, आजोबा.’

‘मासा लागतो त्याला?’

‘न्यूझीलंड लागतं!’

अख्खी बस हसली.

बस डोंगर चढली, उतरली, आमच्या किनाऱ्याला वळली. टिलो बाकाकडे बघत राहिली.

‘हा डोंगराकडे तोंड करून बसलाय.’

‘मग?’

‘ताई, चित्र हललं नाही. समुद्र हलला.’

मला काही कळेना. ती हळू म्हणाली, ‘आपल्या वर्गात समुद्र या हाताला. परीक्षेला त्या हाताला होता.’ मांडीवर ती लाकडासारखी ताठ झाली.

‘किती आलेख?’

‘सगळे.’

आम्ही सरांच्या दारातच उतरलो. ते नारळ खवत होते. टिलोने अंगणातल्या मातीत आलेख काढून दाखवला. सरांचा हात थांबला.

‘पण आकडे तिनेच टाकलेत ना?’ मी ओरडले. ‘आलेख त्याच आकड्यांना धरून आहेत. आरशात बघितलं तर सगळं बरोबर!’

‘हो.’

‘मग सांगा की त्यांना!’

‘कुणाला सांगू, बाई? उत्तरपत्रिकेवर समुद्र कुठे आहे ते लिहायला जागा नसते. तपासणारा आरसा धरत नाही, लाल पेन धरतो.’

‘धन बाजू उजवीकडे, हे ठरवलं कुणी? त्याच्या घरापुढे समुद्र होता का? आम्हाला विचारायला आलं होतं का कुणी?’

सर पुन्हा नारळ खवायला लागले. अशा वेळी शिकलेल्या माणसांना हमखास हातातलं काम आठवतं.

टिलोच म्हणाली, ‘पुरे ना ताई. पुस्तकात उजवीकडेच आहे. रोज बघत होते मी.’

घरी आईने तारोचे कंद उकडले होते, त्याच्याच अळूसारख्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलं होतं. ‘कसा गेला पेपर?’ मी तोंड उघडलं आणि गावात शंख वाजला. प्रार्थनेची वेळ. शंखानंतर कुणी बोलत नाही. आईने डोळे मिटून देवाचे आभार मानले, पेपरबद्दल वेगळे मानले. टिलो सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ म्हणाली.

मग जेवायला बसलो. आई हसून म्हणाली, ‘टिलो, समुद्राकडच्या गालाला लागलंय बघ.’

टिलोने हात उचलला. तो तोंडाजवळ तसाच थांबला. कुठला गाल, ते तिला ठरवता येईना.