काचेवरची लिंबं

मुलाला, सत्यदेवला, कामावर नेणारी बस वळणाआड गेली आणि बाबूराव गच्चीवर आले. काळ्या नळ्यांवर बसवलेल्या तिरक्या काचेवर त्यांनी जुनं धोतर पसरलं आणि त्यावर मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी मांडल्या. एक घसरली. ती उचलून त्यांनी पुन्हा जागेवर ठेवली.

शेजारच्या गच्चीवर जमुना कपडे वाळत घालत होती.

"आयो, बाबूरावभाऊ! अख्खी गच्ची मोकळी पडलीय, आणि लिंबं पोराच्या यंत्रावर?"

"इथं लवकर वाळतात."

"शुक्रवारी सायब बघायला येणार ना? बर्फ झाला तर पोरगा दोन वर्षं फ्रान्सला शिकायला, म्हणत होता."

"झाला तर."

तेल महागल्यापासून सत्यदेवचं सरकारी खातं उन्हावर बर्फ करायच्या मागे लागलं होतं. बाबूरावांना त्याचं कौतुक नव्हतं असं नाही. पण बायको गेल्यापासून पेती राफ्रे गावातल्या या घरात दोनच ताटं वाढली जात, आणि एकच ताट वाढायचा विचार त्यांना नकोसा होई. बापानं असलं बोलायचं नसतं म्हणे! रोज बस परतायच्या आत ते फोडी गोळा करून खाली उतरत.

गुरुवारी सकाळी सत्यदेव चहाला बसला, तो पडेल चेहऱ्यानंच.

"आजही नुसतं गार पाणी."

"अरे, पण उन्हानं बर्फ होतो तरी कसा?"

"दिवसा तापला की नळीतला वायू निघून पलीकडच्या टाकीत जातो. रात्री परत येतो. येताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून बर्फ."

"परत येतो? नक्की?"

"न येऊन जाईल कुठं? पण आधी पुरता जायला हवा, बाबा. अर्धाच गेला तर नुसतं गार पाणी."

बाबूराव बशीत चहा ओतत राहिले. बशी भरून चहा टेबलावर आला, तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

त्या दिवशी त्यांनी काच ओल्या फडक्यानं लख्ख पुसली. लिंबं अंगणात वाळत घातली आणि दिवसभर कावळे हाकत बसले.

शुक्रवारी उजाडताच सत्यदेव जिन्यावरून धडधडत खाली आला.

"बाबा! लाग्लास! बर्फ झाला, बर्फ!"

थाळ्यात बर्फाची लादी होती. बाबूरावांनी तिच्यावरून हात फिरवला.

"जिंकलास की रे!"

सत्यदेव हसला नाही.

"बाबा, काचेवर रोज मीठ असायचं. संध्याकाळी मी पुसायचो."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

सत्यदेवनं मान खाली घातली.

"माझाही पाय निघत नव्हता."

बाबूरावांनी बर्फाचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. दातांत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"लिंबं वाळलीत," ते म्हणाले. "अर्धं लोणचं तू घेऊन जा. अर्धं इथं मुरू दे. चांगलं मुरायला दोन वर्षं लागतातच."