पूर्ण वेगात, एकदाच

लॅमाँट पेटिफर्डला मरायला नऊ सेकंद लागले होते. ते नऊ सेकंद बघायला ऑलबी काउंटीच्या कोर्टाने पाच आठवडे घेतले.

लॅमाँट फरशा बसवायचा. गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून ब्रँडव्हॉल्ड नावाच्या पोलिसाने त्याला अडवलं, लायसन्स मागितलं, आणि लायसन्स काढायला त्याने हात खाली नेताच चार गोळ्या घातल्या. गाडीत पिस्तूल निघालं नाही. लायसन्स निघालं. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं. तो व्हिडिओ पहिल्यांदा लागला तेव्हा ज्युरीतल्या बाराजणांपैकी दोघींना रडू फुटलं, आणि वर्ना क्रुपनिकने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये वाढपाचं काम केलेली बाई. कुणाचा हात कशाला चाललाय, हे तिला पाठीनेसुद्धा कळायचं.

मग बचावाच्या वकिलाने तोच व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवायला घेतला. एकेक चित्र भिंतीएवढं. इथे खांदा हलला. इथे अंगठा दिसेनासा झाला. न दिसणारा अंगठा काय करत असेल, सांगा बरं? बाराव्या खेपेला कुणी रडलं नाही. तिसाव्या खेपेला मागच्या रांगेत जांभई आली. माणूस मरायचा केव्हाच थांबला होता. उरला होता तो अंगठा.

निकाल बाराजणांच्या एकमतानेच लागायला हवा होता. ज्युरीच्या बंद खोलीत तिसऱ्या दिवशी, पोलिसाला सोडायचं यावर मतं अकरा विरुद्ध एक अशी येऊन अडली. एक म्हणजे वर्ना.

"तो चुकला, मलाही मान्य आहे," गॉर्डन म्हणाला. छपरांचा ठेकेदार, सगळ्यांनी त्यालाच प्रमुख नेमलं होतं, कारण त्याच्याकडे पेन होतं. "पण जजसाहेबांनी ते विचारलेलंच नाही. त्या क्षणी त्याला भीती वाटणं वाजवी होतं का, एवढंच विचारलंय."

"म्हणजे घाबरला की सुटला?"

"वाजवी घाबरला तर."

"माझा नवरा उंदराला घाबरतो. देऊ त्याच्या हातात पिस्तूल?"

सगळे हसले. मत एकाचंही हललं नाही.

"वर्ना, अगं, पहिल्या दिवशी रडणाऱ्यांत मीच होते ना?" दातांच्या दवाखान्यात काम करणारी आयरीन म्हणाली. "पण इतक्यांदा बघितलं की आता काही वाटतच नाही. शंका असली तर दोषी म्हणू नका, असं सांगितलंय ना? यालाच शंका म्हणत असतील."

"मग आणखी एकदा बघू. न थांबवता. आवाजासकट. पूर्ण वेगात, एकदाच."

जजसाहेबांकडे चिठ्ठी गेली. उत्तर आलं: बघा, पण भर कोर्टात, सगळ्यांसमोर.

सगळ्यांसमोर म्हणजे लॅमाँटच्या आईसमोरही. पेटिफर्डबाई रोज दुसऱ्या रांगेत बसायच्या. व्हिडिओ लागला की त्या पडद्याकडे बघत नसत. ज्युरीच्या तोंडांकडे बघत.



"नको गं," आयरीन म्हणाली. "त्या माउलीला परत कशाला त्रास?"

"तिला त्रास नको म्हणून तिच्या पोराला मारणारा सोडायचा?"

"असं कुठं म्हटलं मी?"

गॉर्डनने हात वर करायला सांगितले. बघू नये, दहा. बघावं, एक. एकजण बाथरूममध्ये होता. पाच आठवड्यांत इतक्या झटपट काही ठरलं नव्हतं.

"आणि तुम्ही एकट्या अडून बसलात," गॉर्डन तिला हळूच म्हणाला, "तर खटला पहिल्यापासून. नवे बाराजण, परत पाच आठवडे. त्या बाईने ते सगळं पुन्हा सोसायचं. बघा बुवा."

वर्नाने डोळे मिटले. कोर्टाची काय गरज, पहिल्या दिवशीचं सगळं आपल्या डोक्यात आहेच की. पण तिच्या डोक्यातही तो व्हिडिओ थांबत थांबतच चालला. खांदा. मग अंगठा. अंगठा दिसेना. तिने पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिला. दिसेना.

दुपारी साडेतीनला तिने हात वर केला. कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो तिला झटकावासा वाटला, पण तिने झटकला नाही.

"निर्दोष," गॉर्डनने कोर्टात वाचलं. सरकारी वकिलाने उठून मागणी केली, एकेकाला विचारा. मागणी रीतीला धरूनच होती. कारकून एकेकाला विचारू लागला, हा तुमचा स्वतःचा निकाल आहे का? एकाने जरी नाही म्हटलं तरी निकाल मोडतो, हे जजसाहेबांनी आधीच समजावून सांगितलं होतं. सहाजणांनी हो म्हटलं.

"सात नंबर?"

पेटिफर्डबाई तिच्याकडेच बघत होत्या. रडत नव्हत्या. वाट बघत होत्या.

"हो," वर्ना म्हणाली.

कारकुनाला ते ऐकू गेलं नाही, म्हणून तिला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.