तीन चाकं आणि बेचाळीस किलोमीटर

मी एक जुनी बाबागाडी आहे. हसू नका, मित्रांनो! बाबागाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झालर लावलेली, बागेत कुईकुई करत जाणारी एखादी नाजूक गाडी येत असेल. मी तसली नव्हे. मला तीन चाकं आहेत आणि तीसुद्धा सायकलीसारखी, हवा भरायची. पळणाऱ्या माणसाने पुढे ढकलत न्यावं म्हणून मला मुद्दाम बनवलं होतं. ते काम मी जीव ओतून केलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने माझा दांडा वाकवला, दुसऱ्याने चाकं बसवली, तिसऱ्याने निळं छत शिवलं. शेवटी तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी माझ्या बैठकीत वाळूची पिशवी ठेवली, मला खडबडीत फळ्यांवरून चांगलं दामटलं आणि म्हणाल्या, "नाही हो डुगडुगत. पाठवा हिला." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे मला.

मग मात्र दुकानात दीड वर्ष काढलं. "केवढं हे धूड! घरात ठेवायचं कुठे?" असं म्हणून लोक पुढे जायचे. एके दिवशी एक बाई आली. तिच्या कडेवर एक गुबगुबीत बाळ होतं आणि झग्याला लटकलेली पाच वर्षांची मुलगी. तिने माझा रंग पाहिला नाही की छत पाहिलं नाही. तिने दांडा धरला आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्क पळत सुटली. दुकानदार ओरडला, "अहो बाई, काचा आहेत!" ती धापा टाकत म्हणाली, "हीच हवी."

ती या गोष्टीतली आई. मुलीला सगळे ताई म्हणत आणि बाळाचं नाव पडलं होतं ढब्बू. आई एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. बाबा बेकरीत होते. ते पहाटे चारला घर सोडायचे आणि दुपारी परतायचे, ते भुवयांना पीठ लागलेल्या अवस्थेत. म्हणजे सकाळी मुलं आणि आई एवढीच घरात. आईला पळायचं असेल तर मुलांना घेऊनच पळावं लागणार होतं. त्यासाठी मी हवी होते.

पण तिला पळायचं कशाला होतं? ते मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं. मी जेवणाच्या टेबलाशी उभी होते. आई बाबांना म्हणाली, "मला बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पळायची आहे."

बाबा हसले. "तुला? अगं, तुला चहा प्यायला वेळ नसतो."

"तेच म्हणतेय मी. चहा अर्धा राहतो. विणायला घेतलेला स्वेटर अर्धा आहे, त्यात मावणारा मुलगा आता मावत नाही. वाक्यसुद्धा कोणी पुरं करू देत नाही मला. माझा नंबर नाही आला तरी चालेल. पण माझी एक तरी गोष्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत होऊ दे ना रे!"

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी पिठाचे हात पुसले आणि नाव नोंदवायचा कागद स्वतःच भरला.

मग आमचे दिवस सुरू झाले, मित्रांनो! साडेपाचला दार उघडायचं, नदीकाठचा रस्ता धरायचा. माझ्यात ढब्बू, शेजारी छोट्या सायकलवर ताई आणि मागे आई. आई पाढे म्हणत पळायची. बे एके बे, बे दुणे चार. त्या तालावर तिचे पाय पडायचे आणि ताईचे पाढेही पाठ व्हायचे. उतार लागला की ढब्बू असा खिदळायचा की रस्त्यातले लोक वळून बघायचे. वाऱ्याने माझं छत फडफडायचं. खरं सांगते, तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मात्र दर दीडेक किलोमीटरला एक हाक यायचीच. "आई, थांब!" कधी ढब्बूचा मोजा पडलेला असायचा, कधी ताईला शू लागलेली असायची. कधी तिला रस्त्यात एक 'फार महत्त्वाचा' दगड दिसायचा. एकदा चढावर मी हलेनाच. आईने माझी टोपली उपसली, तर केळी, लंगोट आणि बाटलीच्या खाली अकरा महत्त्वाचे दगड! सर्वांत लांबच्या पळण्यात आम्ही अठरा वेळा थांबलो. अठराव्या वेळी आईने दांडा सोडला आणि कळवळून म्हणाली, "अगं, मला एकदा तरी सलग पळू द्या गं!" मग तिने मोजा शोधला, दोन घोट पाणी प्यायली आणि पुन्हा माझा दांडा धरला.

शर्यतीचा दिवस उजाडला. शर्यतीत बाबागाड्यांना बंदी होती. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. ताईला मात्र ते मुळीच पटलं नाही. तिने वहीचा कागद फाडून त्यावर 'शंभर हजार' असा माझा नंबर लिहिला आणि छताला लावला. साडेपाच तासांत शेवटची कमान गाठायची होती. त्यानंतर ती बंद होणार होती. निघताना आई आनंदाने म्हणाली, "आज मला कोणी थांबवणार नाही!"

बाबांनी त्या दिवशी रजा काढली होती. त्यांचा फोन माझ्या टोपलीत होता. आई ठरावीक अंतर ओलांडेल तशी तिची वेळ त्यावर यायची. पहिला निरोप आला. बाबा ओरडले, "अरे वा! काय सुटलीय बघा!" दुसरा आला, तिसरा आला. बाबा रस्त्यात नाचायचे बाकी होते. माझा जीव मात्र खालीवर होत होता. सहा महिने तिचे हात माझ्या दांड्यावर होते. तिची चाल मला माहीत होती, आणि ही तिची चाल नव्हती. पण सांगणार कशी? कुईकुईसुद्धा येत नव्हती मला.

आम्ही नदीकाठच्या पहिल्या पुलाशी जाऊन थांबलो. तिथून शेवट नऊ किलोमीटर. माणसं येत होती, जात होती. आई येईना. बऱ्याच वेळाने ती दिसली, लंगडत, भिंतीचा आधार घेत. आमच्यासमोर येऊन ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मध्ये फक्त लोखंडी कठडा होता.

"संपलं रे," ती म्हणाली. "पायात गोळे आलेत. हेही अर्धंच राहिलं माझं." आणि ती रडायला लागली.

बाबांनी पिशवीत हात घातला. "पाव देऊ?"

ताई कठड्याला नाक लावून उभी होती. ती विचारात पडली होती. "पण आई, तू थांबली होतीस का?"

"नाही गं, राणी. कुठेच नाही."

"मग बरोबर आहे. आपण तर थांबतो ना!"

आई रडता रडता थांबली. तिने ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अरे देवा! मी पाणीसुद्धा प्यायले नाही. केळं तसंच खिशात आहे. कोणी हाकच मारली नाही ना!" तिने केळं खाल्लं, बाटलीभर पाणी प्यायली, पाय चोळले आणि कठडा धरून उठली. "चला. नेहमीसारखं."

"म्हणजे कसं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे," ताई म्हणाली, "तुम्ही गाडी ढकला. आणि मी सांगेन तेव्हा आई थांबणार."

आणि निघालो की आम्ही! कठड्याच्या आत आई, बाहेर पदपथावर आमची वरात, ताई आपल्या छोट्या सायकलवर. व्यवस्थेवरचे एक काका शिट्टी फुंकत धावले, "बाबागाडी आत आणायची नाही!" बाबा घामाघूम होऊन म्हणाले, "आत कोण येतंय? मला बाहेरच पळवत नाहीये!" ताईने सूर लावला, बे एके बे. आईचे पाय तालावर पडू लागले. दर दीड किलोमीटरला "आई, थांब!" आई थांबायची, दोन घोट घ्यायची, कठड्यातून हात घालून ढब्बूचा मोजा वर करायची आणि सुटायची. आजूबाजूचे दमलेले लोकही पाढे म्हणू लागले. टक्कल पडलेले एक आजोबा तर आमच्याशिवाय पुढे जाईनात. "सात सक बेचाळीस" आलं तेव्हा सगळा रस्ता ओरडला.

शेवटच्या कमानीआधी पदपथ संपला. आम्हाला तिथेच उभं राहावं लागलं. आईने सवयीने मागे वळून ताईकडे बघितलं. दीड किलोमीटर होऊन गेला होता. ढब्बूचा मोजाही पडला होता, मी बघितला होता. ताईने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं.

आई पळाली. कमानीखालून पलीकडे गेली तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. बाबा कठड्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले आणि पाव ढब्बूने खाल्ला.

घरी आल्यावर ताईने दारात पहारा बसवला. आईचा चहा संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही! आईने गरम गरम चहा तळापर्यंत संपवला. कप खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, आज कोणी हाक कशी मारत नाहीये?"

मित्रांनो, पुढचं सांगायला जड जातं. मुलं मोठी झाली. मी गॅलरीत गेले. माझ्यावर रद्दीचे गठ्ठे चढले, चाकं बसली, छतात कोळ्याने संसार मांडला. आई आता एकटी पळायला जायची आणि मी तिच्या बुटांचा आवाज ऐकत राहायची. तिचा काही दोष नव्हता. पण उभं राहून गंजणं फार वाईट, हे मात्र सांगते.

गेल्या रविवारी ताईने मला बाहेर काढलं. ती आता आईपेक्षा उंच आहे. तिने रद्दी उतरवली, चाकांत हवा भरली, तेल सोडलं. छत धुतलं, पण तो 'शंभर हजार'चा कागद आधी जपून काढला आणि नंतर परत लावला. आईच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी मला न्यायला आली होती. तिच्या कडेवर सात महिन्यांचं बाळ होतं.

"दांडा फार घट्ट धरू नकोस," आईने तिला सांगितलं. "आणि हे रडलं की थांब. चिडू नकोस. मी चिडायचे."

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात कोणी माझ्यासारखं उभं असेल, तर त्याला दोन थेंब तेल द्या, नाहीतर ज्याला गरज आहे त्याच्या हाती द्या. आणि आईला हाका खुशाल मारा. फक्त तिची कमान समोर दिसली की तेवढं तोंडावर हात ठेवा.

उद्या साडेपाचला आम्ही निघतोय. बाळाला अजून बोलता येत नाही. पण त्याचा एक मोजा आत्ताच पडलाय.