अर्धा थेंब

ओल्या कापसावरचा तो काळा कण, खसखशीएवढा, आधी नुसताच बसून राहिला आणि मग त्याच्याभोवती तांबूस कड फुटली, पसरली... म्हणजे रक्तच. धूळ नव्हे, माती नव्हे. पिसवांनी पिऊन, पचवून परत अंगावरच टाकलेलं पिल्लाचं रक्त. तिने चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. तीस वर्षं रफूकाम करणारे डोळे हे, कोटाच्या बाहीतला एक वेगळा धागा हातभर अंतरावरून ओळखणारे. त्यांना कापसावरचा लाल रंग कळणार नाही होय?

मोरीत पाटावर ती बसली होती आणि मांडीवरच्या टॉवेलात ते मांजराचं पिल्लू – चार आठवड्यांचं, तिघांतलं सगळ्यात लहान, मुठीत मावेल एवढं. बाकीची दोन जिन्याखालच्या खोक्यात आईला लुचत होती, एकमेकांच्या डोक्यावर पाय देत होती. हे मात्र सकाळपासून नुसतं पडून. अंगठ्याने तिने त्याचा ओठ वर केला. हिरडी गुलाबी नव्हती, पांढरीही नव्हती; धुऊन धुऊन विटलेल्या परकराचा रंग असतो तशी काहीतरी. सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "एवढ्या लहानाला अंगावर टाकायचं कुठलंच औषध नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, आणि बारीक फणी. गार पडू देऊ नका. फिकट दिसतंय म्हणता, तर चारला दवाखाना उघडतो, घेऊन या. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर मात्र चारची वाट बघू नका, तशाच निघा आणि मला फोन करा." आता वाजला होता दीड.

"बारके!" बाहेरच्या खोलीतून दादाची हाक आली. "झाली का तुझी शस्त्रक्रिया? ती पिसवांच्या औषधाची बाटली आहे ना कपाटात वरच्या फळीवर, तिच्यातला अर्धा थेंब टाक मानेवर. विषय संपला."

विषय संपला. बावन्न वर्षांच्या बाईला बारके म्हणायचं आणि खुर्चीतून न उठता विषय संपवायचे... उंटावरून शेळ्या हाकायची सवय जुनी. दादाने जन्मभर कंपाउंडरकी केली. मोठ्याला एक गोळी, पोराला अर्धी, तान्ह्याला चतकोर चुरडून मधातून – हे त्याचं सगळं शास्त्र, आणि ते माणसांच्या बाबतीत बरेचदा लागूही पडायचं, हीच तर पंचाईत. त्यामुळे त्याला वाटायचं, जगातली प्रत्येक गोष्ट भागाकाराने सुटते. कुत्रा मोठा, त्याला पूर्ण मात्रा. मांजर लहान, त्याला अर्धी. पिल्लू त्याहून लहान, त्याला थेंब. मांजराचं शरीर निराळं, जे कुत्र्याच्या अंगावर नुसतं पिसवा मारतं तेच मांजराला मारतं, हे त्याच्या पाढ्यात कुठे बसत नव्हतं. आपला कुत्रा म्हातारा होऊन गेला, बाटली तेवढी राहिली. टाकून कशाला द्यायची?

तीन वर्षांपूर्वीचं ते करड्या रंगाचं पिल्लू. दादा म्हणाला होता, "नीट धर गं, हलतंय." आणि मी धरलं. या दोन हातांनी, चारी पाय एकत्र करून, अगदी सुईत दोरा ओवताना श्वास रोखतात तसा श्वास रोखून धरलं, की दादाचा थेंब नेमका पडावा! मला शंका आली नव्हती असं नाही. बाटलीवर कुत्र्याचं चित्र होतं, मला दिसत होतं. पण दादाचं बोलणं म्हणजे ब्रह्मवाक्य. लग्न त्याने ठरवलं, मोडल्यावर परत त्यानेच आणून या घरात ठेवलं, मग मांजराच्या पिल्लावरून कुठे तोंड उघडायचं? संध्याकाळपर्यंत ते थरथरत होतं. आधी कान, मग पाय, मग सगळंच. आणि दादा काय म्हणाला? "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. अशक्तच होतं ते."

तिने कोमट पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. ठीक होतं. आधी गळ्याभोवती फेसाचं कडं केलं, कारण अंग भिजलं की पिसवा वर पळतात, डोळ्यांत, कानांत. मग मानेखालचा भाग पाण्यात. तोंडाला पाणी लागू दिलं नाही. पिल्लाने एकदाच तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. "ओरड ना," ती म्हणाली, "ओरड की मेल्या." पाणी हळूहळू गढूळ तांबडं झालं. भराभर धुऊन, फेस काढून तिने ते टॉवेलात घेतलं, टिपलं, पुन्हा कोरड्या टॉवेलात घेतलं आणि फणी उचलली. उवा काढायची फणी. तीच घट्ट दातांची, शेपटीकडून मानेकडे, मानेकडून पोटाकडे... एक पिसू सापडली की साबणाच्या पाण्यात बुडवायची. नुसती चिमटीत धरली तर निसटते ती, माणसांसारखीच.

पाठीमागे चपला वाजल्या. दादा दारात उभा होता, हातात बाटली, बूचही उघडलेलं.

"अगं, एवढे उपद्व्याप कशाला? धर इकडे. अर्धा थेंब, बस्स."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, दादा. हे कुत्र्याचं औषध आहे. मागचं पिल्लू यानेच मेलं."

"आता तू मला औषधं शिकवणार? चाळीस वर्षं काय गोट्या खेळत होतो मी?"

"चाळीस वर्षं माणसांना दिलीत तुम्ही औषधं. मांजरांना एकदाच दिलंत. ते मेलं."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे त्याच्या कानांच्या पाळ्यांवरूनच कळत होतं. तिने मान खाली घातली नाही – फणी थांबवलीही नाही. तिला वाटलं होतं, असं काही बोललं तर छप्पर कोसळेल. निदान दादा तरी कोसळेल. तो नुसता म्हणाला, "कर मग तुला काय करायचं ते. मेलं तर माझ्याकडे येऊ नकोस." आणि बूच लावत, दोनदा चुकवत, निघून गेला.

मग वहिनी आली. वहिनी या घरात तीस वर्षं मूग गिळून बसलेली. गरम पाण्याची रबरी पिशवी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिने पाटाशी ठेवली आणि हळूच विचारलं, "खोक्यातली फडकी उकळत टाकू का? त्यांतही असतील ना मेल्या?"

"टाका. आणि त्या मांजरीला हात लावू नका, तिचं औषध बाईच देतील, दूध पाजतेय ती."

तेवीस पिसवा झाल्या. चोविसावी कानामागे. पिल्लू पिशवीच्या उबेला लागलं होतं, पण हिरडी तशीच, विटलेली. चारला अजून दीड तास. बाई म्हणतील उशीर झाला, किंवा म्हणतील वाचेल, किंवा काहीच म्हणणार नाहीत, डॉक्टर लोक बघतात तसं नुसतं बघतील... ती भीतीची वाट बघत राहिली. दादाला उलट बोलल्यावर जी पोटात यायला हवी होती, लहानपणापासून नेमाने येणारी, ती. आली नाही. तिच्या जागी राग होता, चांगला ऊन ऊन, आणि तो दादावर होता तेवढाच त्या दोन आज्ञाधारक हातांवर. असू दे. हातांनी शिकावं आता.

जगलं तर बरंच. जगावं गं बाई, जगावं. पण नाहीच जगलं तर यावेळी मी रडणार आहे, चांगली भोकाड पसरून, बाहेरच्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर उभी राहून. मागच्यासारखी मोरीचं दार लावून, नळ मोठा सोडून नाही.